मायक्रोवेव्ह ट्यूबच्या आत काय चाललंय हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

व्हॅक्यूम ट्यूब म्हटलं की बहुतेकांना जुना रेडिओ आठवतो, काचेची ती बल्बसारखी वस्तू जी तापायलाच मिनिटभर घ्यायची, आणि मग ट्रान्झिस्टर आला, ट्यूब गेली, विषय संपला असं आपण धरून चालतो. त्यामुळे "आजही इंजिनिअर लोक सुपरकॉम्प्युटर लावून व्हॅक्यूम ट्यूब डिझाईन करतात" असं कोणी म्हटलं तर ती थट्टाच वाटते.

रेडिओतल्या ट्यूब गेल्या हे खरंय. पण त्यांची मायक्रोवेव्हवाली भावंडं कुठेच गेलेली नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झची लहर तयार करतो तो मॅग्नेट्रॉन ही व्हॅक्यूम ट्यूबच आहे. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर अवकाशयानांच्या एक्स-बँड (मायक्रोवेव्हमधलाच एक पट्टा) ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब आहेत. सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या महाकाय यंत्रात प्रोटॉनना ढकलण्याचं काम १६ क्लायस्ट्रॉन करतात, प्रत्येकी ३०० किलोवॉटचे. आणि फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या आयटर या फ्युजन (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पात प्लाझ्मा, म्हणजे तिथला अतितप्त वायू, तापवायला जायरोट्रॉन लागणार आहेत, १७० गिगाहर्ट्झवर १ मेगावॉट देणारे, म्हणजे एका ट्यूबमधून १० लाख वॉट.

मायक्रोवेव्ह म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ ते ३०० गिगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या रेडिओलहरी, एवढी व्याख्या पुरे. या पट्ट्यात ट्रान्झिस्टरनी बरीच जागा खाल्लीय, विशेषतः गॅलियम नायट्राइडचे आल्यापासून, हे मान्य करायलाच हवं. पण मोठी फ्रिक्वेन्सी आणि मोठी पॉवर एकाच डब्यातून हवी असेल तर ट्रान्झिस्टर अडतो, कारण तिथे इलेक्ट्रॉन घन पदार्थातून धडपडत जातात आणि सगळी उष्णता नखापेक्षा लहान तुकड्यात साठते. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन मोकळ्या पोकळीतून उडतात, काम झालं की उरलेली ऊर्जा घेऊन पलीकडे एका वेगळ्या भांड्यात, म्हणजे कलेक्टरमध्ये जाऊन आदळतात आणि त्या भांड्याला पाण्याने थंड करता येतं.

## ट्यूब नेमकं करते काय?

एका लांब सरळ रस्त्यावर सारख्या अंतराने, सारख्या वेगाने गाड्या चालल्यात असं समजा. एका ठिकाणी कोणीतरी आळीपाळीने काहींना थोडा वेग वाढवायला आणि काहींना थोडा कमी करायला सांगतं. त्या जागी तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही. पण दोनचार किलोमीटर पुढे जाऊन उभे राहा, तिथे वेगवान गाड्यांनी पुढच्या रेंगाळणाऱ्यांना गाठलेलं असतं आणि सलग ओळीऐवजी गाड्यांचे घोळके येताना दिसतात.

क्लायस्ट्रॉन हेच करतो. गरम कॅथोडमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, पहिल्या कॅव्हिटीतून (धातूची पोकळ डबी) जातो तेव्हा तिथली छोटीशी मायक्रोवेव्ह लहर कोणाला किंचित ढकलते कोणाला किंचित अडवते, पुढच्या मोकळ्या नळीत घोळके जमतात, आणि शेवटच्या कॅव्हिटीत ते घोळके बरोब्बर अशा क्षणी पोचतात जेव्हा तिथलं इलेक्ट्रिक फील्ड त्यांना ब्रेक लावत असतं. इलेक्ट्रॉनची गेलेली गती लहरीच्या खात्यात जमा. छोटी लहर आत, मोठी लहर बाहेर. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डला हे करून दाखवलं.

ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबमध्ये कॅव्हिटीऐवजी तारेचं एक लांब स्प्रिंगसारखं वेटोळं असतं, त्याला हेलिक्स म्हणतात. लहर तारेवरून गोल गोल फिरत जाते त्यामुळे सरळ पुढे सरकण्याचा तिचा वेग इलेक्ट्रॉनच्या वेगाइतका खाली येतो आणि दोघं सोबत चालत राहतात, वाटभर देवाणघेवाण चालू. ही कल्पना रुडॉल्फ कॉम्फनर यांनी दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमला प्रत्यक्षात आणली, आणि गंमत म्हणजे ते शिक्षणाने आर्किटेक्ट होते. मॅग्नेट्रॉनमध्ये प्रकार जास्तच गुंतागुंतीचा आहे, तिथे चुंबकामुळे इलेक्ट्रॉन कॅथोडभोवती घिरट्या घालतात आणि त्या फिरत्या ढगातून आरे बाहेर येतात, ट्यूबवाले त्यांना स्पोक म्हणतात, आणि ते स्पोक आजूबाजूच्या कॅव्हिटींना एकामागून एक हलवत जातात.

## मग गणित मांडा आणि सोडवा, एवढं काय त्यात?

हाच प्रश्न कोणीही विचारेल. इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड कशी वागतात ते मॅक्सवेलच्या समीकरणांतून कळतं, फील्डमध्ये इलेक्ट्रॉन कसा वळेल तेही शंभर वर्षांहून जास्त काळ माहितीय. दोन्ही समीकरणं वेगवेगळी असताना चांगली वागतात. घोळ होतो तो ती एकत्र आली की. फील्ड इलेक्ट्रॉनना हलवतं, हललेले इलेक्ट्रॉन स्वतः करंट असतात म्हणून ते नवं फील्ड तयार करतात, ते फील्ड परत इलेक्ट्रॉनना हलवतं, आणि त्यात भर म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन ऋण भाराचे असल्याने एकमेकांना ढकलतात, घोळका जितका दाट तितका तो फुटायला बघतो. मघाच्या गाड्यांचं उदाहरण इथे कमी पडतं, कारण गाड्या शंभर मीटरवरून एकमेकींना ढकलत नाहीत आणि त्यांच्या जाण्याने रस्ता आपला आकार बदलत नाही. ट्यूबमध्ये दोन्ही होतं.

आकडा किती मोठा आहे तेही बघा. १० किलोव्होल्टवर इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला साधारण ५८ हजार किलोमीटर होतो, प्रकाशाच्या जवळपास पाचवा हिस्सा. २० सेंटीमीटरची ट्यूब तो साडेतीन नॅनोसेकंदांत पार करतो. बीम १ ॲम्पिअरचा असेल तर एका क्षणी त्या नळीत अंदाजे २ हजार कोटी इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाने इतर प्रत्येकाला किती ढकललं हे मोजायला बसलात तर एका क्षणाचाच हिशोब अवाढव्य होतो, आणि असे लाखो क्षण मोजायचे असतात.

आणि प्रयोग करून आत बघावं म्हटलं तर तेही जमत नाही, माझ्या मते खरी अडचण ही आहे. आत कडक व्हॅक्यूम, हजारो व्होल्ट, आणि चालू ट्यूबच्या बीममध्ये मोजायची सुई घातली तर एकतर सुई वितळेल किंवा सुईमुळे फील्डच बदलेल. बाहेरून तुम्हाला दिसतं ते इतकंच की किती पॉवर आत गेली, किती बाहेर आली, कुठला भाग किती तापला. मधे इलेक्ट्रॉननी काय केलं हे बघायला सिम्युलेशनशिवाय जवळजवळ दुसरी वाटच नाही.

म्हणून तर कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही लोकांनी हे केलं. १९४० च्या फेब्रुवारीत रँडल आणि बूट यांनी बर्मिंगहॅममध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवला, रडारसाठी तो लगेच वापरात आला, पण तो चालतो कसा हे नीट कुणालाच सांगता येत नव्हतं. मग मँचेस्टरला डग्लस हार्ट्री यांच्या गटाने इलेक्ट्रॉनचे मार्ग पायरीपायरीने हाताने मोजले, हाताने म्हणजे अक्षरशः टेबलावरच्या गणकयंत्रावर आकडेमोड करून. त्या गटात ऑस्कर ब्युनमन होते, जे पुढे प्लाझ्माच्या कणांचं सिम्युलेशन करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक झाले. आज तारे, फ्युजन, अवकाशातलं हवामान यासाठी वापरतात त्या पद्धतीचं एक मूळ असं रडारच्या ट्यूबमध्ये आहे.

## दोन हजार कोटी इलेक्ट्रॉन कॉम्प्युटरमध्ये मावतात कसे?

मावत नाहीत, मावल्यासारखं करावं लागतं. पहिली युक्ती म्हणजे हजारो किंवा लाखो इलेक्ट्रॉनचा मिळून एक मोठा कण धरायचा, मॅक्रोपार्टिकल. ही बनवाबनवी वाटते पण तिला पक्का आधार आहे, इलेक्ट्रॉनचा मार्ग त्याच्या भार आणि वस्तुमानाच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि दहा हजार इलेक्ट्रॉन एकत्र केले तर भारही दहा हजार पट वस्तुमानही दहा हजार पट, गुणोत्तर तेच राहतं. त्याच फील्डमध्ये तो मोठा कण एकट्या इलेक्ट्रॉनसारखाच वळतो.

दुसरी युक्ती ग्रिडची. ट्यूबच्या आतली जागा छोट्या छोट्या चौकोनी खोक्यांत वाटायची, प्रत्येक खोकं म्हणजे एक सेल. आता कण एकमेकांशी थेट बोलत नाहीत. परत त्या रस्त्यावर जायचं तर, प्रत्येक गाडीने दुसऱ्या प्रत्येक गाडीला फोन करण्याऐवजी रस्त्याचे टप्पे पाडले, गाडी आपल्या टप्प्यावरच्या फलकावर नोंद करते, फलक आपल्या शेजारच्या फलकांशी हिशोब जुळवतात, आणि गाडी पुढे किती वेगाने जायचं ते फलकावर वाचते. म्हणून याला पार्टिकल-इन-सेल म्हणतात, बोलताना नुसतं पिक.

एक फेरा असा चालतो: कणांच्या जागा आणि वेगावरून प्रत्येक सेलमधला करंट काढायचा, त्यावरून मॅक्सवेलच्या समीकरणांनी फील्ड एक पाऊल पुढे न्यायचं, ते फील्ड कणाच्या जागी किती आहे ते वाचायचं, कणाला तेवढं ढकलायचं, आणि परत पहिल्यापासून. फील्ड पुढे न्यायची जी पद्धत सर्वात जास्त वापरतात ती केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली, इलेक्ट्रिक फील्ड सेलच्या कडांवर आणि मॅग्नेटिक फील्ड सेलच्या पृष्ठांवर ठेवायचं अशी साधी पण भलतीच हुशार मांडणी आहे ती.

पाऊल केवढं टाकायचं हे मात्र आपल्या मर्जीवर नाही. एका टाइम-स्टेपमध्ये प्रकाश एका सेलपेक्षा पुढे जाता कामा नये, नाहीतर हिशोब भरकटतो आणि आकडे अनंताकडे पळतात. त्रिमितीत ही अट आणखी कडक होते, सेल ०.१ मिलिमीटरचा असेल तर पाऊल ०.१९ पिकोसेकंदापेक्षा लहान ठेवावं लागतं. १० गिगाहर्ट्झची एक लहर १०० पिकोसेकंदांची, म्हणजे एका लहरीसाठीच पाचशेहून जास्त पावलं, आणि ट्यूब स्थिरस्थावर व्हायला समजा १०० नॅनोसेकंद लागले तर ५ लाखांहून जास्त पावलं. कण १० लाख धरले तर कणांना ढकलायचं काम ५० हजार कोटी वेळा करायचं. एवढं करून ट्यूबच्या आयुष्यातल्या सेकंदाचा एक कोटीवा भाग हाती येतो.

सेल अर्धा केला तर? तिन्ही दिशांना दुप्पट म्हणून आठपट सेल, आणि पाऊलही अर्धं झालं म्हणून फील्डचं काम सोळापट. म्हणून "जरा बारीक मेश (सेलची जाळी) लावून बघ" असं मिटिंगमध्ये सहज बोलणाऱ्या माणसाकडे सिम्युलेशनवाले कसे बघतात ते बघण्यासारखं असतं.

## प्रत्येक वेळी हे सगळं करत बसतात?

नाही. कोणी बसत असेल तर त्याच्याकडे वेळ फार आहे.

प्रत्यक्षात ट्यूबचे तुकडे पाडतात. इलेक्ट्रॉन गन, म्हणजे बीम तयार करणारा भाग, वेगळी बघतात, तिथे मायक्रोवेव्ह नसतेच, फक्त स्थिर व्होल्टेज आणि चुंबक, त्यामुळे हिशोब स्वस्तात होतो. यासाठी स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत विल्यम हर्मान्सफेल्ट यांनी लिहिलेला ई-गन नावाचा प्रोग्राम कित्येक वर्षं जगभर वापरला गेला. मग बीम नसताना नुसती कॅव्हिटी किंवा हेलिक्स कशी वाजते ते काढतात, कुठल्या फ्रिक्वेन्सीला, लहर किती वेगाने सरकते, बीमच्या जागी फील्ड किती जोरात आहे. याला कोल्ड सिम्युलेशन म्हणतात. बीम सोडल्यावरचं ते हॉट.

मधला टप्पा मला सर्वात आवडतो. कोल्डमधून आलेले दोनतीन आकडे घ्यायचे आणि बीमला चकत्यांची ओळ समजायचं, प्रत्येक चकती फक्त पुढेमागे सरकू शकते, आडवी हालचाल विसरून जायची. एका लहरीपुरत्या काही डझन चकत्या पुरतात. ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबसाठी अशा प्रकारचं गणित अर्नोल्ड नॉर्डसीक यांनी १९५३ मध्येच केलं होतं, आणि आजच्या साध्या लॅपटॉपवर ते काही सेकंदांत सुटतं. डिझाईनचा खरा खेळ इथे होतो, हेलिक्सचे वेढे शेवटी जवळ आणायचे का, कुठून आणायचे, व्होल्टेज थोडं वाढवलं तर गेन (लहर किती पट मोठी होते तो आकडा) किती पडतो, हे दिवसात हजार वेळा बदलून बघता येतं. वेढे का बदलायचे, तर ऊर्जा देऊन देऊन इलेक्ट्रॉन मंदावतात आणि लहर पुढे निघून जाते, म्हणून लहरीलाही शेवटी थोडं हळू करावं लागतं.

पूर्ण त्रिमितीतलं पिक येतं ते शेवटी, तपासणीला. चकत्यांना न दिसणाऱ्या गोष्टी ते पकडतं, बीम फुगून भिंतीला घासतोय का, परत उलट फिरणारे इलेक्ट्रॉन आहेत का, नको असलेल्या फ्रिक्वेन्सीला ट्यूब स्वतःहून बोंबलायला लागेल का. मॅग्नेट्रॉनसारख्या ट्यूबला मात्र चकत्या चालतच नाहीत, तिथे पहिल्यापासून किमान दोन मितींचं पिक लागतं.

## स्क्रीनवर छान रंगीत बीम दिसतोय, मग उत्तर बरोबरच असेल ना?

इथे बरेच जण फसतात. सिम्युलेशन चुकीचं असलं तरी चित्र तितकंच सुंदर येतं, "मी चुकलोय" असं ते कधीच सांगत नाही.

काही चुका गणिताच्याच असतात. चौकोनी सेलमध्ये गोल कॅव्हिटी बसवली की तिच्या भिंतीला पायऱ्या पडतात आणि फ्रिक्वेन्सी सरकते, त्यासाठी आता वळणदार भिंती सांभाळणाऱ्या सुधारित पद्धती आहेत पण त्या लावल्यात की नाही हे बघावं लागतं. दाट बीमसाठी सेल फार मोठे ठेवले तर कण उगाचच तापतात, म्हणजे कुठूनही न आलेली ऊर्जा त्यांच्यात दिसायला लागते. कण कमी घेतले तर गोंगाट वाढतो. आणि मॅग्नेट्रॉनमध्ये तर हा गोंगाटच काम बिघडवतो, कारण खरा मॅग्नेट्रॉन सुरू होतो तोही आतल्या बारीक गोंगाटातूनच, मग सिम्युलेशनमध्ये तो किती वेळात सुरू झाला या आकड्यातला ट्यूबचा भाग किती आणि तुमच्या कमी कणांचा किती हे वेगळं काढणं कठीण जातं.

याहून वाईट चुका आत टाकलेल्या माहितीच्या. कॅथोड हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो, तापल्यावर तो आणि त्याचा आधार प्रसरण पावतात, ड्रॉइंगवर असलेलं अंतर चालू ट्यूबमध्ये नसतं. थंड मापं टाकून हॉट सिम्युलेशन करणं ही नवशिक्यांची ठरलेली वाट. १० गिगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या ०.६६ मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो, एवढ्यात भिंतीचा खडबडीतपणाही मोजावा लागतो आणि तो ड्रॉइंगवर कोणी काढत नाही. इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटून आणखी किती इलेक्ट्रॉन उडवतो हे त्या पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर ठरतं, आणि तेच उडालेले इलेक्ट्रॉन वाढत जाऊन ट्यूब बंद पाडू शकतात.

म्हणून चांगला सिम्युलेशनवाला ओळखायचा तर त्याला एकच विचारा, मेश अर्धी करून आणि कण दुप्पट करून उत्तर किती हललं. आकडा सांगता आला नाही तर चित्राचं कौतुक करून निघून यावं.

## एवढ्या खटाटोपातून मिळतं काय?

पैसा आणि वीज, थोडक्यात. एक ट्यूब बनवायला तांब्याचे भाग सूक्ष्म मापात कापणं, ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने भाग जोडणं), कित्येक दिवस भट्टीत तापवून हवा ओढून घेणं असं सगळं लागतं आणि एकदा सील केली की आतलं काही बदलता येत नाही. चूक नंतर कळली तर पूर्ण ट्यूब भंगारात.

विजेचं उदाहरण क्लायस्ट्रॉनचं. मोठ्या कणत्वरकाला शेकडो ट्यूब लागू शकतात, त्यात कार्यक्षमता दहा टक्क्यांनी वाढली तरी विजेच्या बिलात मोठा फरक पडतो. अडचण अशी की घोळका जमवायला घाई केली तर काही इलेक्ट्रॉन घोळक्यांच्या मधेच लटकत राहतात आणि फुकट जातात. गेल्या दहाबारा वर्षांत सर्न आणि इतर ठिकाणच्या लोकांनी एक उलटी वाटणारी कल्पना पुढे आणली, घोळक्याच्या गाभ्याला मुद्दाम परत परत फुगू द्यायचं आणि आवळू द्यायचं, त्यादरम्यान बाहेर राहिलेले इलेक्ट्रॉन हळूहळू जवळ येत राहतात. सिम्युलेशनमध्ये यातून ९०% च्या दिशेने जाणारे आकडे दिसले. खऱ्या ट्यूबमध्ये तेवढे मिळणं ही वेगळी लढाई आहे, पण अशी कल्पना बाहेरून पॉवर मोजत बसून सुचणं मला तरी अवघड वाटतं, त्यासाठी प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठे रेंगाळतोय हे दिसावं लागतं.

## आता एआय आहे ना, ते करून टाकेल की

थोडं करतं. शेकडो सिम्युलेशनची उत्तरं शिकवली की मशीन लर्निंग मॉडेल नव्या मापांसाठी झटकन अंदाज देतं, त्यामुळे शोध लवकर होतो. पण ते शिकलंय सिम्युलेशनकडूनच. सिम्युलेशनला खडबडीत तांबं माहिती नसेल तर त्यालाही नसणार. जास्त खरा फायदा ग्राफिक्स कार्डांनी दिलाय, कारण लाखो कणांना एकाच वेळी ढकलायचं काम त्यांना फार सोयीचं पडतं.

## म्हणजे शेवटी ट्यूब बनवून बघावीच लागते?

लागतेच. आधी सुटे भाग बीमशिवाय तपासतात, फ्रिक्वेन्सी कोल्ड सिम्युलेशनशी जुळतेय का बघतात, मग ट्यूब जोडून, हवा ओढून, व्होल्टेज हळूहळू वाढवत हॉट टेस्ट. आणि जुळलं नाही तर सिम्युलेशन फेकून देत नाहीत, उलट त्याचं दुसरं काम तिथून सुरू होतं. बनलेल्या भागांची खरी मोजलेली मापं, खरा बीम करंट, चुंबकाचं खरं मोजलेलं फील्ड हे सगळं परत आत टाकतात आणि एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवून बघतात, गन किंचित तिरकी केली तर, एक कॅव्हिटी दोन मेगाहर्ट्झने सरकवली तर, आणि ज्या बिघाडाने टेस्ट बेंचवरचाच आलेख स्क्रीनवर उमटतो तो भाग पुढच्या ट्यूबसाठी नव्याने कापायला पाठवतात.